तळघरातलं पाणी

तेजराम गुरुजींसमोर पुराचा विषय काढायचा नाही, हे गावातल्या सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. करडी गावाच्या पुढे, वैनगंगेच्या काठावरचं हे गाव. पुराचं इथं कुणाला अप्रूप नाही. पण गुरुजींनी जन्मभर भूगोल शिकवलेला. पूर म्हटला की बाकीच्यांना चिखल आठवायचा, गुरुजींना पाणलोट क्षेत्र. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्या वर्षी शाळेच्या नकाशावर भंडारा आणि गोंदियाच्या मधली रेघ त्यांनीच लाल पेनाने ओढली होती. ती जरा वाकडी गेली आणि दोन-चार गावं बरीच वर्षं उगाच शेजारच्या जिल्ह्यात नांदली, हे ते स्वतःच हसत सांगायचे. लोकांनी हसण्याआधी आपण हसून घेतलेलं बरं, एवढी अक्कल मास्तरकीने त्यांना दिली होती. तोंडाला लगाम घालायची मात्र दिली नव्हती.

मागच्या साली ऑगस्ट संपता संपता नदी गावात आली. गुरुजींच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, आणि समोरच्या पार्वताबाईच्या घरातही कमरेएवढंच. गुरुजींचं घर सिमेंटचं. पाणी उतरल्यावर त्यांनी ते धुतलं, पंखे लावून वाळवलं, दिवाळीला रंग दिला. पार्वताबाईचं घर मातीचं. ते पाणी असेपर्यंत उभं होतं आणि पाणी उतरायला लागल्यावर बसकण मारल्यासारखं खाली आलं. तेव्हा पाहणीला आलेल्या साहेबांपुढे गुरुजींनी आपल्या सोफ्याचं दुःख इतकं रंगवून सांगितलं की साहेबांनी सोफ्याचेच फोटो काढले. पार्वताबाई मागे डोक्यावर स्वयंपाकाचा गंज घेऊन उभी होती. पुढे जेव्हा जेव्हा हे आठवायचं तेव्हा गुरुजी मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत द्यायचे, पण अगदी हलकी, न लागेल अशी.

यंदाच्या जुलैत पूर आला तो प्रतिक्षाच्या गावाला. प्रतिक्षा म्हणजे गुरुजींची एकुलती एक लेक. कॉम्प्युटरचं शिकली आणि नवऱ्यासोबत नेदरलँड्सला गेली. ज्या देशाचा धडा गुरुजींनी ‘समुद्रसपाटीपेक्षा खोल असलेला देश’ म्हणून मुलांकडून घोकून घेतला, त्याच देशात पोटची पोर राहायला गेली, याचा त्यांना केवढा अभिमान आणि तेवढाच धाक. फोन आला तेव्हा ते धानाचे परे, म्हणजे रोपं, पाहून शेतातल्या बांधीवरून नुकतेच परतले होते. पायाचा चिखलही धुतला नव्हता.

प्रतिक्षा म्हणाली की नदीचं पाणी गल्लीत आलंय. गुरुजी घाबरले, पण त्या भीतीबरोबर एक वेगळंच बळही अंगात आलं. पुराच्या बाबतीत आपण तिच्यापेक्षा अनुभवी. त्यांनी सूचनांचा पाऊस पाडला. तांदूळ माळ्यावर टाक, आगपेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, विजेचं बटण बंद कर, शेळी असली तर सोडून दे. लेक हसायला लागली. तिनं सांगितलं की मोबाईलवर आदल्या दिवशीच सूचना आली होती, ते दोघं टेकडीवरच्या हॉटेलात आहेत, नाश्ताही तिथेच मिळतो, आणि पाणी घरात नाही, घराखालच्या तळघरात आहे. कमरेएवढं. कपडे धुवायचं मशीन बुडालं, बाकी काही नाही.

एवढीच गोष्ट. ही जशीच्या तशी सांगितली असती तर ही कथा इथेच संपली असती. पण गुरुजी पाय न धुताच कवडूच्या पानठेल्यावर गेले. पानठेल्यावर त्यांनी तळघराचं घर केलं, कारण तळघर म्हणजे काय हे कवडूला समजावण्यात वेळ गेला असता. पिठाच्या गिरणीपर्यंत पाणी छातीला लागलं. संध्याकाळी विहारात पोचेस्तोवर पोर अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली होती आणि मागे घर राहिलं नव्हतं. सांगताना गुरुजींचा आवाज खरोखर दाटून आला. आपण मास्तरकीत पडलो म्हणून झाडीपट्टीची रंगभूमी एका नटाला मुकली, हे त्यांना त्याच क्षणी, डोळे पुसता पुसता जाणवलं. तरी ते थांबले नाहीत.

विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाचा तो पहिला दिवस होता. वाचन संपल्यावर कमिटीचे अध्यक्ष पुंडलिकराव उभे राहिले. गावात एक जुनी रीत आहे. पूर ज्याचं घर नेतो त्याला गाव एक दिवस देतो. घरटी एक माणूस येतो, शिदोरी आपापली, मजुरी नाही. पण पावसाळ्यात असा दिवस एकच मिळतो, कारण एकदा धानलावणीचे रोवणे सुरू झाले की कुणाला मान वर करायला फुरसत नसते. यंदाचा दिवस येत्या रविवारचा ठरला होता, आणि तो पार्वताबाईचा होता.

पार्वताबाई वर्षभर ताडपत्रीच्या खोपटात राहत होती. घरकुल मंजूर होईल तेव्हा होईल. मुलगा अंकुश नागपूरला लोकांच्या इमारती उभ्या करत होता. त्यानं उन्हाळ्यात येऊन आईच्या मातीच्या भिंती उभ्या केल्या, पण लॉकडाऊनमध्ये लाकूड अडकलं आणि ते आलं पावसाच्या तोंडावर. आता छपराचं आढं चढवणं, लाकडी बल्ल्या बसवणं आणि कवेलू म्हणजे कौलं पसरणं एवढं राहिलं होतं. पन्नास हात लागले तर एका दिवसाचं काम. तोवर उघड्या भिंतींवर प्लास्टिक टाकलेलं. मोठा पाऊस झाला की कच्ची भिंत विरघळणार, हे गावातल्या लहान पोरालाही कळत होतं.

पुंडलिकरावांनी रविवारची आठवण दिली तेव्हा पार्वताबाईच उठली. ती सभेत कधी बोलत नसे. “माह्या घराले साल झालं,” ती म्हणाली. “मले आता सवय हाय. पोरीचं घर तं आत्ता गेलं. परक्या मुलखात तिले कोन हाय? हा दिवस गुरुजीले द्या.”

पुंडलिकरावांनी विचारलं की दिवस देऊन तिकडे करणार काय. तेही पार्वताबाईने ठरवून ठेवलं होतं. आपल्याला तिकडं जाता येत नाही, तर गुरुजींचा रोवणा करून देऊ, म्हणजे त्यांच्या जिवाला इकडची चिंता नको, पोरीकडं लक्ष देतील. सगळ्यांनी माना डोलावल्या.

खरं सांगायची हीच वेळ होती. गुरुजी उठले. तोंड उघडलं. सगळ्या गावाचे डोळे त्यांच्यावर होते, त्यातले काही ओले होते, आणि ते ओले आपण केलेत हे त्यांना ठाऊक होतं. आत्ता ‘मशीन बुडालं’ म्हणायचं म्हणजे भर चौकात धोतर सोडण्यासारखं. शिवाय, हे मात्र त्यांनी स्वतःशी कबूल करायला दोन दिवस लावले, यंदा रोवण्याला बाया मिळत नव्हत्या. ते म्हणाले, “गावाचे उपकार आहेत.” आणि खाली बसले.

घरी रत्नमालाबाई वाट पाहत होत्या. त्या गुरुजींच्या बायको, आणि लेकीचा फोन त्यांनीही ऐकला होता. बातमी गुरुजींच्या आधी घरी पोचली होती.

“तिकडलं पानी उतरन,” त्या म्हणाल्या. “तुमच्या तोंडातलं कवा उतरन?”

गुरुजींनी समजावलं की मी काही खोटं बोललो नाही, थोडं वाढवून बोललो. रत्नमालाबाईंनी ताटात भात वाढला आणि वरण वाढलं नाही. तुम्ही बोलण्यात वाढवता, तसं ताटातही वाढवून घ्या, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग गुरुजी रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं. एकदा पुंडलिकरावांच्या दारापर्यंत गेले आणि खताच्या भावाबद्दल बोलून परत आले. एकदा पार्वताबाईकडे गेले. ती भिंतीवरचं प्लास्टिक दगडांनी दाबत होती. तिने काळा चहा केला, गुरुजींना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि विचारलं की तिकडं कवेलू भेटते का, की टिनंच घालतात. गुरुजींनी नेदरलँड्सच्या उतरत्या छपरांवर बरीच माहिती दिली. खालचा थर कसा असतो, वरचा कसा, सगळं. चहा संपला. उठताना त्यांना वाटलं, तेजराम, तुझ्याएवढा भित्रा माणूस या तालुक्यात नसेल, आणि असलाच तर तो तुझाच विद्यार्थी असेल. विनोद त्यांना आवडला. विनोद आवडल्यामुळे काम पुन्हा राहून गेलं.

शनिवारी लेकीचा पुन्हा फोन आला. पंपांनी पाणी उपसून झालं होतं. भिंती सुकवायची यंत्रं लावली होती, दिवसरात्र चालणारी, आणि त्यांच्या विजेचा खर्चसुद्धा विमावाले देणार होते. विम्याचा माणूस येऊन पाहून गेला. नवीन मशीन आलंही. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, असा नगरपालिकेचा निरोप आला होता. प्रतिक्षा जरा वैतागली होती, कारण मशीन करड्या रंगाचं आलं होतं आणि तिला पांढरं हवं होतं. गुरुजी ऐकत राहिले. पुराने माफी मागितल्याचं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. पार्वताबाईकडे वर्षभरात कोण कोण माफी मागायला आलं, हे आठवायला गेले तर सोफ्याचे फोटो काढणारे साहेबच डोळ्यांपुढे आले. शेवटी प्रतिक्षाने विचारलं की बाबा, आई म्हणते तुम्ही गावात काहीतरी भलतंच सांगितलंय, खरं का? गुरुजींनी रेंज जात असल्याचं सांगितलं.

रविवारी उजाडताच गाव त्यांच्या बांधीत उतरलं. बाया पऱ्यांत बसून रोपं उपटायला लागल्या, माणसं पेंड्या बांधून चिखलात फेकायला लागली. कुणीतरी रोवण्याचं गाणं धरलं. आभाळ झाकलेलं होतं, पण पाऊस नव्हता. दुसरीकडे कुठे असते तर गुरुजींनी या दृश्यावर मुलांना निबंध लिहायला लावला असता. ते बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर छत्री घेऊन उभे होते आणि त्यांना तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पार्वताबाई धुऱ्याजवळच्या ओळीत होती. रोवता रोवता मान खालीच ठेवून तिने विचारलं, “गुरुजी, पोरीच्या घराच्या भिती कायच्या होत्या?”

“विटांच्या.”

“मंग कशा पडल्या? इटाच्या तं पडत नाही.”

तिच्या प्रश्नात संशय नव्हता. घर पडलेल्या बाईला दुसऱ्याचं घर कसं पडलं ते समजून घ्यायचं होतं, एवढंच. तोच साधेपणा गुरुजींना सोसला नाही. त्यांनी छत्री मिटली.

“नाही पडल्या,” ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले. घर पडलं नाही. घराच्या खाली एक खोली असते, तिच्यात पाणी आलं. कपडे धुवायचं मशीन बुडालं, ते नवीन आलं. पोर हॉटेलात होती, आज घरी जाईल. बाकीचं सगळं मी लावलेलं. बुधवारपासून सांगीन सांगीन म्हणतो, आणि सांगितलं नाही, कारण मला लाज वाटत होती आणि माझा रोवणा होत होता.

गाणं थांबलं. एका बाईला हसू फुटलं आणि ते तिने पदरात दाबलं. पुंडलिकराव चिखलातून धुऱ्यावर आले आणि त्यांनी गुरुजींकडे नुसतं पाहिलं. मग मागे वळून हुकूम केला की सोडा इथलं, चला, अजून दिवस हातात हाय, बाईचं आढं चढवून टाकू.

माणसं निघायलाही लागली. पण पार्वताबाई हलली नाही. ती उपटून ठेवलेल्या पेंड्यांकडे पाहत होती. सकाळपासून अख्खे परे उपटून झाले होते.

“गुरुजी, पानी किती होतं म्हनले तिथं?” तिने विचारलं.

“कमरेएवढं.”

“माह्या घरी बी तेवढंच होतं,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण तिने गुरुजींकडे पाहिलंही नाही. मग पुंडलिकरावांना म्हणाली, “परे उपटून झाले भाऊ. असे टाकून गेलो तं उद्या पिवळे पडतीन, मरतीन. धानानं काय केलं? लावून टाका अगुदर.”

धानाच्या मुलखात उपटलेलं रोप टाकून जायला कुणाचा पाय उचलत नाही, मालक कितीही नालायक असला तरी. सगळे पुन्हा वाकले. आता गाणं नव्हतं, हात मात्र दुप्पट वेगाने चालत होते, दुपारपर्यंत संपवून पार्वताबाईकडे जायचं म्हणून. गुरुजीही धोतर खोचून चिखलात उतरले. त्यांनी लावलेली रोपं तरंगून वर यायची आणि मागून येणारी बाई ती निमूटपणे पुन्हा रोवायची. असं तीनदा झाल्यावर तिने त्यांना पेंड्या पोचवायच्या कामाला लावलं. तेवढंच त्यांना जमत होतं.

शेवटची बांधी राहिली होती तेव्हा नदीकडून पाऊस आला. असा की समोरचा माणूस दिसेना. सगळे तसेच चिखलाच्या पायांनी गावाकडे धावले. गुरुजीही धावले, दोनदा पडले, उठले. पार्वताबाईच्या घरापाशी पोचले तर वाऱ्याने प्लास्टिक उडवून कडुनिंबाला गुंडाळलं होतं. पुंडलिकराव आणि आणखी काहीजण ताडपत्री घेऊन पुढच्या भिंतीवर चढले. मागची भिंत वरून पाघळत होती. गुरुजींनी तिला दोन्ही हात लावून धरलं. भूगोलाच्या माणसाला कळायला हवं होतं की हातांनी भिंत धरता येत नाही. माती त्यांच्या बोटांमधून वाहत होती तरी ते हात काढेनात. शेवटी कवडूने त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं, आणि भिंत बसली. फार आवाज झाला नाही.

संध्याकाळी पाऊस उघडला. तीन भिंती वाचल्या होत्या. पुंडलिकराव म्हणत होते की उद्यापासून रोज रोवण्यावरून आल्यावर घरटी एक माणूस तासभर यील, विटा मागवू, मागची भिंत विटांची घालू. विटा गुरुजी देतील, हे त्यांनी गुरुजींना न विचारताच सांगितलं. गुरुजींनी मान हलवली. अंगभर चिखल वाळत चाललेला, एक चप्पल कुठेतरी गेलेली. स्वतःवर करायला त्यांना एकही विनोद सुचत नव्हता.

तेवढ्यात रत्नमालाबाई फोन घेऊन आल्या. फोनवर प्रतिक्षा होती, आपल्या घरातून बोलत होती. मागे पांढरीशुभ्र भिंत, तिच्यावर चित्र. सकाळीच आईकडून तिला सगळं कळलं होतं आणि तिला पार्वतामावशीशीच बोलायचं होतं. पार्वताबाईने पदराला हात पुसले आणि फोन दोन्ही हातांनी धरला. पोरीला सुखरूप पाहून तिचा चेहरा खरोखर उजळला. घरी पोचली ना, जेवली ना, ओल्या जागेत निजू नको, असं सगळं विचारून सांगून झालं.

“मावशी, तुमच्या घराचं काय?” प्रतिक्षाने विचारलं. “पाऊस आला म्हणे.”

पार्वताबाईने भिंत होती त्या बाजूला पाहिलं. मग पुन्हा फोनकडे.

“काई नाही बाई,” ती म्हणाली. “जरासी भित वली झाली. तू फिकर नको करू.”

गुरुजी तिच्या बाजूलाच उभे होते. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला.

“ओली नाही झाली, पडली,” ते म्हणाले. “माझ्यामुळं पडली.”

आणि त्यांनी फोन फिरवून मागची बाजू लेकीला दाखवली.